एकविसावं पाऊल

‘लिंबापासून लेकी, पावलं मोजावी वीस,
एकविसावं टाकू नगं, खाली पाताळाचा वास...’

साळूआत्याचा हा आवाज मनकर्णाच्या कानात पोरवयापासून बिऱ्हाड करून होता. आत्याचा मळा नगरपासून कोसभर, केडगावच्या वाटेला. मळ्यात विहीर होती आणि विहिरीला कठडा नव्हता. पावसाळ्यात कडेनं गवत असं माजायचं, की जमीन कुठं सरली आणि विहीर कुठं लागली हे जाणत्यालाही कळू नये. म्हणून आत्यानं पोरांना विहिरीचं भय घातलं नाही, तिचं अंतर शिकवलं. पहाटे जात्यावर बसली की शेवटच्या पसाभर दाण्यांना ही ओवी ठरलेली. मग उजाडलं की ती मनकर्णाला बोटाला धरून लिंबापाशी न्यायची, तोंड उत्तरेला करायला लावायची, आणि दोघी मोजत निघायच्या. विसाव्या पावलाला आत्या थांबे. पुढं नुसतं गवत. हिरवंगार, वाऱ्यानं हलणारं, कुणी हातानं बोलवावं तसं.

“पुढं काय हाय गं आत्या?”

“पुढं काय बी न्हाई,” आत्या म्हणायची. “म्हनून तर थांबायचं.”

आत्या गेली तेव्हा मनकर्णा सासरहून दहाव्याला आली होती. मळा तोवर नगरच्या एका व्यापाऱ्याला विकला गेला होता, आणि बैलगाड्या एकामागून एक येऊन वीटभट्टीची राख, विटांचे तुकडे, फुटकी मडकी विहिरीत ओतत होत्या. आत पडणाऱ्या राखेचा आवाज येत नव्हता. बराच वेळ ती कान देऊन उभी राहिली होती. आवाज आलाच नाही.

त्याला आता पंधरा वर्षं झाली होती. मनकर्णा नगरात मुलींच्या शाळेत शिकवत होती. नवरा कानिफनाथ एस.टी. स्टँडवर कंट्रोलर. दिवसभर भोंग्यातून श्रीरामपूर, शेवगाव, जामखेडच्या गाड्या पुकारून संध्याकाळी घरी आला की कुजबुजल्यासारखं बोलायचा. घर म्हणजे तबेला. टांग्यांचे दिवस सरले तसा एका शेठजीनं आपला तबेला मधे भिंती घालून भाड्यानं लावला होता. एकेका घोड्याच्या जागेत एकेक संसार. घोडे बांधायच्या लोखंडी कड्या भिंतीत तशाच होत्या. मनकर्णा एका कडीला दुधाचं शिंकं अडकवी. पलीकडच्या खणात बद्रुन्निसा आपल्या कडीला सासूची जपाची तसबी अडकवी. बद्रुन्निसाचा नवरा अजीज छापखान्यात कंपोझिटर, शिशाचे खिळे जुळवणारा. सासू मुबारकबी गुडघ्यांनी अधू, जिभेनं धडधाकट. दोन्ही घरांची चूल वेगळी, पण कालवणाच्या वाट्या भिंतीवरून अशा जा-ये करायच्या की कुठली कुणाची हे दोघींनाही सांगता आलं नसतं.

पावसाळ्यात फरशीतून घोड्यांचा वास यायचा. “आलं बघ, मागचं भाडेकरू आलं,” मुबारकबी म्हणायची.

आणि आता शेठजीला तबेला पाडून लॉज बांधायचं होतं. त्र्याहत्तरच्या पाडव्याच्या आत खोल्या मोकळ्या करा, म्हणून त्यानं दारोदार सांगितलं होतं. कानिफनाथ आणि अजीज, दोघांनीही सारं नगर पालथं घातलं. पगारदार माणसाची गंमत अशी, की गरिबांसाठीच्या सरकारी खोल्यांच्या यादीत तो बसत नाही, आणि सावेडीच्या बंगल्यांचं फाटक त्याला ओळखत नाही. मधल्या माणसाला मधेच लटकायचं. म्हणून सोळा जणांनी मिळून सोसायटी काढली होती. मास्तर, कारकून, टपालवाले, एक कंपाउंडर. चार वर्षं कागद मुंबईला जात होते आणि येत होते. अखेर जागा मंजूर झाली. सोळा घरं, सोळा कुटुंबं. आणि मागं ताटकळलेली चाळीस नावं.

एकोणीसशे बहात्तर साल. संक्रांतीनंतरच्या रविवारी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं, आणि त्याही जागेवरच. सोसायटीचे अध्यक्ष आप्पासाहेब हौशी गृहस्थ. त्यांनी सगळ्यांना टेम्पोत भरून केडगावच्या वाटेला नेलं.

मनकर्णानं टेम्पोतून पाय खाली ठेवला. जागा सपाट, नांगर नाही की बांध नाही. फक्कीनं रेघा मारून, खुंट्या ठोकून घरं आखलेली. मधोमध एका तोडलेल्या झाडाचा बुंधा होता आणि त्यावर चिठ्ठ्यांचा तांब्या ठेवलेला. ती जवळ गेली. बुंध्यात एक लोखंडी कडी होती, अर्धीअधिक झाडानं गिळलेली. आत्याचे बैल, ढवळ्या नि पोवळ्या, ह्या कडीला बांधलेले असायचे.

तोच लिंब, तोच मळा.

“घर बाईचं असतं,” आप्पासाहेब सांगत होते. “तेव्हा चिठ्ठी घरच्या बाईनंच उचलायची. आणि एक ध्यानात घ्या मंडळी. हा नकाशा मंजूर होऊन आलाय. यातली एक रेघ इकडची तिकडं झाली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एखाद्या प्लॉटची काही भानगड निघालीच, तर तो प्लॉट गेला आणि ते नाव पुन्हा त्या चाळिसांच्या मागं. मग माझ्याकडं रडत यायचं नाही.”

बद्रुन्निसानं चिठ्ठी काढली. आठ. मनकर्णानं काढली. नऊ. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, कारण आठ आणि नऊ ही घरं पाठीला पाठ लावून होती. मागची भिंत एक, आठाचं दार उत्तरेला, नवाचं दक्षिणेला. “इथंही भिंतीवरून वाट्या!” बद्रुन्निसा म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

सगळे फक्कीच्या रेघांत उभं राहून ही माझी ओटी, ही माझी मोरी करत होते. मनकर्णा बुंध्यापाशी आली. तोंड उत्तरेला केलं. कुणाचं लक्ष नाही असं बघून चालू लागली. आत्याची पावलं नऊवारीतली, आखूड, तशीच तिनं टाकली. नवाच्या रेघेत ती पंधराव्या पावलाला शिरली. विसावं पाऊल बरोबर मागच्या खोलीच्या उंबऱ्याच्या खुंटीपाशी पडलं.

पुढं काय हाय गं आत्या?

ती थांबली. समोर चौकोन होता, फक्कीचा, पांढरा, मागची खोली म्हणून आखलेला. त्याच्या पलीकडं आठ नंबर.

त्याच वेळी बोलली असती तर? पण बोलायचं म्हणजे काय करायचं, हे आप्पासाहेबांनी आत्ताच सांगितलं होतं. नऊ नंबर गेला आणि मनकर्णाचं नाव चाळिसांच्या मागं गेलं. पाडव्याला तबेला पडणार. तिच्या डोळ्यांपुढं आपली भांडी रस्त्यावर दिसली. मग तिनं मनाशी वाद घातला, आणि माणूस मनाशी वाद घालतो तेव्हा जिंकतोच. आत्याची पावलं नेमकी केवढी होती, कुणास ठाऊक. तेव्हा मी आठ वर्षांची. विहीर रस्त्याखालीही असेल. आणि बुजवलेली विहीर म्हणजे काय विहीर असते का? जमीनच झाली की ती.

तरीही ती त्या चौकोनात पाऊल टाकू शकली नाही. वळली, आणि अजीजभाई समोर दिसले तसं तिच्या तोंडून निघून गेलं:

“अजीजभाई, एक मागू का? आमच्यात दक्षिणेचं दार चालत नाही हो. यमाची दिशा. तुमचं आठ नंबर आम्हाला द्याल?”

अजीज हसला. “वहिनी, आयुष्यभर अक्षरं उलटी वाचतोय मी. मला उत्तर काय नि दक्षिण काय! घ्या तुम्ही आठ. शेजार तर तोच राहतोय.”

आप्पासाहेबांनी तिथल्या तिथं दोन नावांची अदलाबदल केली. मुबारकबी टेम्पोत बसून होती. तिला कळलं तेव्हा ती म्हणाली, “यमाला सांगू आमी, बाबा, हिकडं मुसलमान ऱ्हातात, तुझं काम न्हाई. जा पुढच्या गल्लीत.” सारा टेम्पो हसला. मनकर्णाही हसली.

“तू कधीपासून दिशा पाहायला लागलीस?” घरी आल्यावर कानिफनाथनं हळूच विचारलं. “ग्रहणात जेवा म्हणून पोरींना शिकवतेस.”

“आत्याचं असायचं तसं,” ती म्हणाली. आणि तेवढं मात्र खरं होतं, की सारं आत्याचंच होतं.

त्या साली पाऊस आला नाही. मृग कोरडा, आर्द्रा कोरड्या, हत्ती तर सोंडही न हलवता गेला. गावोगावची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला बसली. रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. बायका हंड्यांची रांग लावून टँकरची वाट बघत आणि टँकर येई तेव्हा रांगेतलं शहाणपण विसरत. सोसायटीच्या भिंती कमरेएवढ्या होऊन थांबल्या. देवळाली प्रवरेचा छगन गवंडी भिंतींवर हात फिरवायचा नि म्हणायचा, “पान्याबिगर शिमिट म्हंजी नुसती राख. म्या काय थुकून भिंत भिजवू?”

मग एके दिवशी नवाच्या बाजूच्या पट्टीत चुना भिजवायला खड्डा घेतला, आणि पुरुषभर खोलीवर ओल लागली. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात पाणी होतं. काळसर, राखेच्या चवीचं, पण पाणी. अख्ख्या तालुक्याच्या विहिरींचे तळ उघडे पडले असताना अजीजच्या प्लॉटात पाणी! बातमी ऐकून आप्पासाहेब चप्पल न घालता धावत आले. कुणी नारळ फोडला. मुबारकबीनं तिथं बसूनच दोन्ही हात वर केले आणि बोलली, “या अल्ला, घर उभं ऱ्हाऊ दे, पाऊस पडू दे. पाऊस पडला की माज्या घरात, सोळा घरच्या लेकीबाळींस्नी पोटभर गोड भात घालीन.”

त्या पाण्यावर सोळाही घरं उभी राहिली.

मनकर्णा रविवारी गवंड्यांना चहा घेऊन यायची. एकदा छगननं तिला बाजूला बोलावलं. त्याच्या हातात खापराचा तुकडा होता.

“मास्तरीणबाई, तुमी हिकडल्याच ना वो? ह्या जागंत पूर्वी काय हुतं?”

“का?”

“चार फूट खोदलं, सा फूट खोदलं, तरी राख न् विटकरंच निघत्यात. जमीन लागतच न्हाई. समदी म्हनत्यात पांढरीची माती हाय, जुनं गाव आसंल. पर मला तसं वाटत न्हाई. ही जमीन पानी देतीया बाई, पर वजन घ्यायला राजी न्हाई. आन् आपुन तर तिच्यातलं पानी रोज उपसतोय. आतली राख बी संगट वर येतीया.”

ती कपबशा गोळा करत राहिली. भिंती आता खांद्याएवढ्या झाल्या होत्या. तबेल्याच्या दुसऱ्या टोकाचे पत्रे शेठजीनं उतरवायला लावले होते.

“मळा होता,” ती म्हणाली. “नुसता मळा.”

मग खापराचा तुकडा त्यानं खड्ड्यात टाकला. “मग ऱ्हाईलं,” तो म्हणाला. “मळ्याची माती मऊ आसतीच.” त्यानं पायात जास्तीचा दगड भरला आणि काम पुढं गेलं.

त्या दिवसापासून तिचं गाणं गेलं. शाळेत कविता म्हणायची ती सुरात म्हणेना, नुसती वाचून दाखवू लागली. पोरी एकमेकींकडं बघत. दळायचं काम आता गिरणीत होतं, तरी हात कामात असले की पूर्वी ओवी आपसूक ओठावर यायची. आता ती ओठ घट्ट मिटून घ्यायची, कारण कुठलीही ओवी सुरू केली तरी ती फिरून फिरून लिंबापाशीच जाई.

पाडव्याला सारे राहायला आले. आठाच्या दारावर गुढी, नवाच्या दारावर अजीजनं छापखान्यातून आणलेली रंगीत पताका. पुरुषमाणसं ओटीवर बसून, एवढ्या वर्षांनी आपल्याच भिंतीला टेकण्याचं सुख घेत होती. नवाच्या खड्ड्यावर रहाट बसला. उन्हाळाभर सोळा घरच्या कळश्या तिथं भरल्या गेल्या. बद्रुन्निसानं कडेला पुदिना लावला, तो असा फोफावला की सोसायटीत कुणाकडं पुदिन्याशिवाय चटणी होईना. बाहेर सगळी भुई करपलेली आणि तेवढं एक बोटभर गवत हिरवं. वाऱ्यानं हलायचं. मनकर्णा तिकडं बघायचं टाळायची.

मुबारकबीनं मागची खोली घेतली. “कशी गार हाय, बघ गं. शेजारच्या घरात लोकं पंखा लावत्यात, माझ्या खाटंखाली अल्लानं वारा ठेवलाय.” मनकर्णा नवात जायची ती पुढच्या खोलीपर्यंत. मागच्या खोलीचा उंबरा तिनं कधी ओलांडला नाही. बायकांच्या हे लक्षात आलं होतं. “बाईंना अजून यमाचं भ्या हाय,” कंपाउंडरची बायको छबूबाई चिडवायची.

वैशाखात मागच्या खोलीचं दार घासू लागलं. अजीजनं ते रंधून घेतलं. पंधरा दिवसांनी पुन्हा घासलं. जेवताना थाळीतला रस्सा एका अंगाला जमा होई, मुबारकबी म्हणे, “माझ्याच अंगाला येतो बघ, म्हातारीची माया.” मग दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत एक केसाएवढी चीर आली. छगननं सांगून ठेवलं होतं, की चीर दिसली तर तिच्यावर आडवा कागद चिकटवायचा. कागद फाटला तर भिंत चालतेय, नाही फाटला तर झोपलीय. अजीजनं लग्नपत्रिकेचा एक वाया गेलेला कागद खळीनं चिकटवला. त्यावर छापलेलं होतं, ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’. तो म्हणाला, “घ्या, आता भिंतीचंच लग्न.”

कागद फाटला नाही. ज्येष्ठ गेला तरी फाटला नाही. मनकर्णा रोज काहीतरी निमित्त काढून जायची, पुढच्या खोलीतूनच मान वाकडी करून कागद बघायची आणि परत यायची. फाटला नाही म्हणजे काही नाही. माझी मोजणी चुकली. आत्याची पावलं याहून आखूड होती.

फक्त एकदा, टळटळीत दुपारी, मुबारकबीनं तिला ओट्यावर बसवून घेतलं आणि आवाज बारीक केला. “मास्तरीणबाई, एक विचारू? हसायचं न्हाई. दुपारी सगळं निजलं ना, की माझ्या खाटंखाली कुणीतरी दळतं. जातं फिरल्यागत. घरघर... घरघर. थांबतं, परत फिरतं. सुनंला सांगितलं तर म्हनती, अम्मा, तुमच्या कानात वारं गेलंय.”

आत्ता सांगावं. आत्ता, दोघीच आहोत. पण सांगायचं म्हणजे विहिरीचं नाही, चिठ्ठीचं सांगायचं. तुमचं घर मी तुमच्यापासून घेतलं आणि माझा खड्डा तुम्हाला दिला, हे सांगायचं. आणि मधली भिंत एक. ते घर गेलं की हे घर गेलं.

“उंदीर असतील, खाला,” ती म्हणाली.

“व्हय,” म्हातारी म्हणाली. “शाणे उंदीर. दळून खातात.”

पाऊस आला, आणि दुष्काळाचं देणं फेडावं तसा आला. पुनर्वसूनं चार दिवस धरलं. सोळा घरांची पोरंबाळं चिखलात लोळली. पाचव्या दिवशी, रविवारी, थोडी उघडीप झाली आणि नवातून केशराचा नि तुपाचा वास सुटला. मुबारकबीचा नवस. दुपारी सगळ्या बायकांनी मुलींना घेऊन यायचं होतं.

दुपारच्या तोंडाला मनकर्णा कळशी घेऊन रहाटापाशी गेली. चार दिवसांच्या पावसानं खड्डा तोंडापर्यंत भरला होता. काल संध्याकाळी लोकांनी हातानं पाणी काढलं होतं. तिनं डोकावून पाहिलं.

पाणी नव्हतं.

खाली, खूप खाली, काळा ओला चिखल होता, आणि चिखलाच्या एका बाजूला, घराच्या बाजूला, माणूस शिरेल एवढं भगदाड. तिच्या डोळ्यांदेखत कडेचा पुदिन्याचा एक गड्डा मुळांसकट सुटला आणि आत गेला. तिनं कान दिला.

आवाज आला नाही.

कळशी तिथंच टाकून ती घरी आली. कानिफनाथ रविवारच्या ड्यूटीवर, अजीजही जादा कामाला छापखान्यात. आप्पासाहेबांकडं जावं तर ते श्रीरामपूरला लेकीकडं. ती आपल्या स्वयंपाकघरात मधल्या भिंतीला तळहात लावून उभी राहिली. भिंत ओली नव्हती. पण तिच्या आत काहीतरी बारीक, सारखं, घरंगळत होतं. दाणे घरंगळावे तसं. जातं फिरावं तसं.

पलीकडून बायकांचे हसण्याचे आवाज येऊ लागले होते.

ती धावत वळसा घालून दक्षिणेच्या दाराशी आली. पुढच्या खोलीत चपलांचा ढीग. मागच्या खोलीत साऱ्या पंगतीनं बसल्या होत्या. पंचवीस-तीस बायका, मांडीवर लेकरं, मधे मोठी देगची, आणि खाटेवर मुबारकबी नव्या शालूत, तसबी हातात. बद्रुन्निसा वाढत होती. मनकर्णाची नजर भिंतीवर गेली. लग्नपत्रिकेचा कागद मधोमध फाटला होता. ‘आमच्या येथे’ एकीकडं आणि ‘श्रीकृपेकरून’ दुसरीकडं, मधून तीन बोटं अंधार.

“या बाई, या!” छबूबाई ओरडली. “का उंबऱ्यावरनंच जेवणार आज बी?”

“बाहेर या सगळ्या,” मनकर्णा म्हणाली. “माझ्या ओटीवर बसू. इथं... इथं कोंदट होतंय.”

“कोंदट? अगं सगळ्यांत गार खोली ही!”

“ऊन पडलंय बाहेर. चार दिवसांनी पडलंय. उन्हात बसू.”

“ताई, भात वाढून झालाय,” बद्रुन्निसा हसत म्हणाली. “आता उठवलं तर अम्मा मलाच विहिरीत ढकलतील.”

सगळ्या हसल्या. मनकर्णानं चौकटीला घट्ट धरलं.

“खाला, तुम्ही तरी उठा. मला आज... सकाळी वाईट स्वप्न पडलं. ही दिशा चांगली नाही. तुम्ही उठा.”

मुबारकबीच्या चेहऱ्यावरचं हसू जरा मावळलं. “हे बघ मनकर्णा,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा नाव घेतलं होतं. “तुझी दिशा तू घेतलीस. आमी तुला एका शब्दानं बोललो न्हाई. आता माझ्या नवसाच्या दिवशी तरी माझं घर वाईट म्हनू नगंस.”

खोली गप्प झाली. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. ह्या गप्पपणात साऱ्यांनाच ते ऐकू आलं. खालून. घरघर. थांबलं. पुन्हा घरघर. एका पोरीच्या फुलपात्रातलं पाणी सांडलं आणि सरळ रेघेनं खाटेकडं वाहत गेलं.

“उंदीर,” कुणीतरी पुटपुटलं.

मनकर्णानं खाली पाहिलं. तिच्या पायाची बोटं उंबऱ्यापाशी होती. विसावं पाऊल. तिच्यामागं कुठंतरी साळूआत्या उभी होती, तिचं बोट धरून, आणि ते बोट मागं ओढत होती.

तिनं बोट सोडवलं आणि उंबरा ओलांडला.

फरशी पायाखाली दबल्यासारखी वाटली. पोरींमधून वाट काढत ती खाटेपाशी गेली, खाली वाकली, आणि म्हातारीच्या दोन्ही काखांत हात घालून तिला उभं केलं. तसबी खाली पडली. बद्रुन्निसा “ताई!” म्हणून पुढं आली. मनकर्णानं मान वर केली. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो तिचा आवाज कितीतरी महिन्यांनी घशातून बाहेर आला.

“लेकरं उचला आणि बाहेर व्हा. ही विहीर आहे. ह्या खोलीखाली माझ्या आत्याची विहीर आहे, राखेनं बुजवलेली, आणि ती आता खाली चाललीय. खाला, दिशेचं खोटं होतं. नऊ नंबरची चिठ्ठी माझी होती. मी लिंबापासून पावलं मोजली होती, आणि मग तुमचं घर मागून घेतलं. त्या दिवशीच मला ठाऊक होतं.”